चेतापेशींची मंदावलेली पचनशक्ती

मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. त्यामुळे बिघडलेली प्रथिनं त्यांना आतल्या आतच निकालात काढावी लागतात. हे काम लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशव्या करतात. पेशीनं स्वतःचाच कचरा पचवण्याच्या या यंत्रणेचा, म्हणजे ऑटोफॅजीचा, उलगडा केल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. वयानुसार ही पचनशक्ती मंदावते.

२०२२ मध्ये संशोधक राल्फ निक्सन यांच्या गटाला अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांत आधी लायसोसोममधलं आम्ल सौम्य झालेलं आढळलं. मग अमायलॉइड हे प्रथिन पेशीतच साठलं, आणि पेशींबाहेरचे त्याचे गोळे त्यानंतर दिसले. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेल्या याच गोळ्यांवर संशोधकांची नजर फार काळ खिळून राहिली, असं मला वाटतं. लेकॅनेमॅबसारखं औषध हे गोळे हटवतं. बुद्धीचा ऱ्हास मात्र थोडा मंदावतो, थांबत नाही.