घंटागाडीचा धूर आणि आपली छाती

सकाळी घंटागाडी आली की आपण डबा रिकामा करतो आणि दार लावून घेतो. कचरा गेला, पण गाडीने सोडलेला धूर जातो कोठे? अरुंद गल्लीत तो बराच वेळ रेंगाळतो. ओट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी आणि खेळणारी मुले तो श्वासावाटे घेतात. गाडीमागे तासन्‌तास चालणाऱ्या सफाई कामगाराच्या वाट्याला तर तो सर्वांत जास्त येतो.

डिझेल नीट जळले नाही की काजळी तयार होते. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. काजळीचे बहुतेक कण १ मायक्रॉनहूनही बारीक असतात. मोठी धूळ नाकातच अडते, हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दमेकऱ्याची धाप वाढते, जुना खोकला उफाळतो, हृदयविकार असलेल्यास झटक्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये हा धूर 'बहुधा कर्करोगकारक' मानला होता. जून २०१२ मध्ये तिने तो 'निश्चित कर्करोगकारक' ठरविला. तंबाखूचा धूरही याच गटात आहे. दोहोंचा धोका सारखाच, असा याचा अर्थ नव्हे. पुरावा पक्का आहे, एवढाच.

त्यातही कचऱ्याच्या गाडीचे काम दर दहा-वीस पावलांवर थांबण्याचे. अशा चालीत जुने इंजिन जास्त काजळी ओकते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले आणि नव्या ट्रकांना काजळी अडविणारी गाळणी बसली. मात्र ही गाळणी साफ होण्यास धूर चांगला तापावा लागतो. गाडी सतत गल्लीबोळातच फिरली तर गाळणी तुंबते. म्हणून चालकाने तिच्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. गल्लीतील छोट्या फेऱ्यांना बॅटरीवरची गाडी अधिक सोयीची; तिला धुराडेच नाही.

आता पैशाचा प्रश्न. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), जालना व लातूर ही शहरे आली. हिंगोली त्या यादीत नाही. म्हणून आपल्याला वाटच नाही असे मात्र नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात लहान शहरांच्या अनुदानाचा ३० टक्के भाग स्वच्छता व घनकचऱ्यासाठी बांधून दिला होता. असे अनुदान मिळते तेव्हा कोणती गाडी घ्यायची, हा आरोग्याचाही प्रश्न असतो.

नवी गाडी आली आणि जुनीही धावत राहिली, तर धूर कमी होत नाही. अमेरिकेने २००५ साली जुनी डिझेल इंजिने बदलण्यासाठी अनुदानाचा कायदा केला. तेथे कचऱ्याच्या ट्रकांनाही पैसा मिळतो, पण जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला तीन इंची भोक पाडून ते कायमचे निकामी करावे लागते. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे: सरकार, नगरपालिका व पंचायत यांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर संपते आणि त्या नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढायच्या असतात. नियम चांगला आहे. तो पाळला जातो का, हे नागरिकांनी पाहायचे.

बिनपैशाचेही उपाय आहेत. गाडी दोन मिनिटांहून अधिक थांबणार असेल तर इंजिन बंद करावे. एअर फिल्टर व इंजेक्टर वेळेवर तपासावेत. पीयूसी कागदापुरती नसावी. कामगाराने धुराड्याच्या बाजूने चालू नये. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवितो, हे बारीक कण नाही. त्यासाठी एन-९५ मास्कच हवा आणि तो नगरपालिकेने द्यावा. आपणही कचरा दारात पेटवू नये. त्याचा धूर डिझेलहून सौम्य नसतो.

दमेकऱ्यांनी गाडी पुढे गेल्यावर थोड्या वेळाने बाहेर यावे आणि पंप नियमित घ्यावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर तो 'धुळीचा' समजून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकी तपासणी मोफत होते. चालताना धाप लागत असेल तर फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी करून घ्यावी. सफाई कामगारांची ही चाचणी वर्षातून एकदा व्हावी, असे मला डॉक्टर म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते.

वाचकहो, आपल्या प्रभागाचे नगरसेवक भेटले की दोनच प्रश्न विचारा: आपली घंटागाडी किती वर्षांची आहे? आणि नवी आली तेव्हा जुनी कोठे गेली?