मशीन पाणी बघत नाही

बोअरची जागा दाखवायला आपल्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एकाच्या तळहातावर नारळ असतो. दुसऱ्याकडे चार लोखंडी खुंट्या, तारांची रिळं आणि रेझिस्टिव्हिटी मीटर. गावाच्या लेखी दोघंही पाणी बघणारेच. नारळवाल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसऱ्याचं मशीन मात्र पाणी बघत नाही. ते बघतं जमिनीखालच्या थरांच्या सीमेवर वाकलेला विद्युतप्रवाह.

प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो, हे शाळेत शिकवतात. प्रवाहाची रेषाही एका वाहक थरातून दुसऱ्यात जाताना वळते, पण तिचा नियम निराळा. सीमेला समांतर असलेलं विद्युतक्षेत्र दोन्ही बाजूंना सारखंच राहतं आणि सीमा ओलांडणारा प्रवाहही तेवढाच राहतो. या दोन अटींतून निष्पन्न होतं ते असं : स्तंभिकेशी होणाऱ्या कोनांच्या टॅन्जंटचं गुणोत्तर म्हणजे दोन थरांच्या वाहकतेचं गुणोत्तर. समजा, ओल्या मुरुमाची रोधकता २० ओम-मीटर आणि त्याखालच्या अभंग काळ्या पाषाणाची २००. मुरुमातून ६० अंशांनी आलेली रेषा पाषाणात जेमतेम १० अंशांवर येते, म्हणजे जवळजवळ सरळ खाली उतरते. उलट दिशेनं वर येताना तीच रेषा मुरुमात आडवी पसरते. प्रकाशाच्या नियमात साइन असल्यामुळे पूर्ण परावर्तन घडू शकतं. इथे टॅन्जंट आहे, म्हणून कुठल्याही कोनातून आलेल्या रेषेला वाट मिळतेच.

वळवतं कोण? सीमेवर साठलेला विद्युतभार. पाषाणात तेवढाच प्रवाह ढकलायला दसपट क्षेत्र लागतं आणि ही तफावत सीमेवरचा भारच भरून काढतो. तो अगदी थोडा असतो, साठायला क्षणही लागत नाही. पण जमिनीवरच्या खुंट्यांना जाणवतो तो त्याचाच परिणाम. सगळ्या पद्धतीचं मर्म इथे आहे, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी इथूनच घाईनं पुढे जातात.

धातूच्या तबकडीत प्रवाह कसा पसरतो, हे गुस्ताव किर्खहॉफनं १८४५ मध्ये मांडलं. तेव्हा तो विद्यार्थी होता. जमिनीवर हा विचार आणला कॉनराड श्लुम्बर्जेनं, १९१२ मध्ये, नॉर्मंडीतल्या व्हाल-रिशेच्या आवारात समविभव रेषा आखून. १९१५ मध्ये अमेरिकेत फ्रँक वेनरनं चार समान अंतरांवरच्या खुंट्यांची मांडणी प्रसिद्ध केली. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन्हींत व्होल्टेज मोजायचं. जमीन एकजिनसी असेल तर बाहेरच्या खुंट्यांच्या मध्यावर निम्मा प्रवाह त्यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून खोल जातो. म्हणून अंतर वाढवत नेलं की खोलीचा अंदाज येतो.

पण दख्खनची जमीन एकजिनसी नाही. इथे लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. त्यातला अभंग पाषाण कोरडा. पाणी असतं ते भेगांत, सच्छिद्र माथ्यात, झिजलेल्या मुरुमात. दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा चिकट थर येतो. तो प्रवाह छान वाहून नेतो, पाणी मात्र विहिरीत सोडत नाही. मीटरला हा थर आणि पाण्यानं भरलेला मुरूम बहुधा सारखेच वाटतात. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर रोधकता कमी दिसते ती क्षारांमुळे. तिथे पाणी लागलं तरी पिकाला चालत नाही. वर काळ्या मातीचा ओला, जाड थर असला तर बहुतेक प्रवाह तिथूनच निघून जातो आणि खालचं फारसं कळत नाही. शिवाय पातळ पण फार वाहक थर आणि जाड पण कमी वाहक थर यांचे आलेख कधी इतके जुळतात की गणितालाही त्यांतला फरक सांगता येत नाही.

तरीही पद्धत फसवी नाही. शेजारच्या चालू विहिरीतले थर ठाऊक असतील, तिथेच आधी मोजणी केली असेल आणि भूवैज्ञानिकानं ओढे, भेगा, उतार पाहिले असतील, तर तिच्याएवढं स्वस्त साधन दुसरं नाही. अडचण येते ती एकाच ठिकाणच्या मोजणीवरून 'दोनशे फुटांवर दोन इंच पाणी' असं छातीठोक सांगणाऱ्यांची. यंदा बोअर घेणार असाल तर मोजणी करणाऱ्याकडे आलेख मागा आणि तो कुठल्या विहिरीशी ताडून पाहिला, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर रिगवाल्याला बोलावू नका.