घरचे औषधी तेल : करावे कसे, वापरावे कुठे



भातलावणीत दिवसभर ओणवे राहिल्यावर कंबर धरते, गुडघे बोलू लागतात आणि पायाच्या बोटांत चिखल्या होतात. अशा वेळी घरच्या शिंक्यावरची तेलाची बाटली खाली येते. आपल्या जोयडा तालुक्यात वाड्या दूरदूर, मध्ये जंगल आणि ओहोळ. डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. म्हणून घरगुती औषध ही येथे हौस नसून गरज आहे. पण गरजेच्या वस्तूला माप असावे लागते, आणि मर्यादाही. या दोन्हींविषयी आज आम्ही सांगणार आहोत.

वनस्पती नेमकी ओळखणे ही पहिली पायरी. आपल्या जुन्या लोकांना याचे महत्त्व चांगले ठाऊक होते. 1563 साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. पुढे 1678 ते 1693 या काळात मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा 12 खंडांचा ग्रंथ आम्सटरडॅम येथे निघाला. त्या कामात इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे कोचीनचे तीन कोंकणी वैद्य यांनी साहाय्य केले. त्या तिघांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. फादर मॅथ्यू नावाच्या कार्मेली धर्मगुरूंचाही आरंभीच्या कामात हात होता. झाडाचे चित्र आणि त्याची निरनिराळ्या भाषांतील नावे त्यांनी नोंदवून ठेवली, ती चूक होऊ नये म्हणून. आपणही जे झाड खात्रीने ओळखता येत नाही, त्याचे पान तोडू नये.

आता तेलाकडे वळू. सांधे व कंबर चोळण्यासाठी निगडीचे, म्हणजे निर्गुंडीचे तेल करतात. आयुर्वेदात तेलाचे सर्वसाधारण माप असे : वाटलेली पाला-मुळी म्हणजे कल्क 1 भाग, तेल 4 भाग, काढा किंवा इतर द्रव 16 भाग. घरच्यासाठी थोडेच करावे :

1. निगडीचा ताजा पाला 800 ग्रॅम स्वच्छ धुऊन, 3 लिटर 200 मिलिलिटर पाण्यात मंद आंचेवर उकळावा. पाणी चौथा हिस्सा, म्हणजे 800 मिलिलिटर उरले की गाळावे.

2. आणखी 50 ग्रॅम पाला बारीक वाटून त्याचा गोळा करावा.

3. जाड बुडाच्या, रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात 200 मिलिलिटर तिळेल, तो गोळा आणि काढा थंड असतानाच एकत्र करावा. तापलेल्या तेलात काढा कधीही ओतू नये. तेल उसळून तोंड व हात भाजतात.

4. मंद आंच ठेवून वरचेवर ढवळावे, म्हणजे कल्क बुडाला लागणार नाही.

तेल झाले हे कसे ओळखावे? कल्क चिमटीत घेऊन वळला असता त्याची वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली असता तडतडता कामा नये. तेलावर फेस येऊ लागतो, हीही एक खूण आहे. यामागचे कारण सरळ आहे. पातेल्यात पाणी आहे तोवर तेल 100 अंशांच्या फार वर तापत नाही. पाणी संपले की तडतड थांबते आणि तेल झपाट्याने तापून पाला करपू लागतो. लवकर उतरवले तर आत पाणी राहून तेलाला बुरशी येते, उशीर केला तर ते जळते. म्हणून शेवटच्या घटकेला चुलीपासून हलू नये व मुलांना जवळ येऊ देऊ नये. तेलाने पेट घेतलाच तर पाणी न ओतता झाकण घालून आंच बंद करावी.

कोमट असतानाच तेल कोरड्या फडक्यातून गाळावे. काचेची बाटली पूर्ण सुकलेली असावी. तिच्यावर नाव, तारीख आणि ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असे लिहावे. वास खवट झाला तर तेल टाकून द्यावे.

याहून सोपे औषध भिरंडीच्या बियांचे. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की चरबी वर तरंगते. निवाल्यावर ती थिजते, तिचे मुठीत गोळे करतात, म्हणून तिला मुठेल म्हणतात. भेगाळलेल्या टाचांना ती चांगली. पायाच्या भेगा बुजलेल्या असणे महत्त्वाचे, कारण शेताच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारे लेप्टोचे जंतू अशाच फटींतून शरीरात शिरतात.

आता मर्यादा. सर्पदंश झाल्यास मुळी उगाळण्यात एक क्षणही घालवू नये. माणसाला न चालवता, दंशाचा अवयव हलू न देता इस्पितळात न्यावे. विषावर उतारा फक्त तेथली लस. या कामी सांगितली जाणारी ईश्वरीची मुळी तर मूत्रपिंडे निकामी करते व कर्करोगास कारण होते, हे आता सिद्ध झाले आहे. भाजल्यावर तेल न लावता 20 मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरते. बिब्बा अंगावर घालू नये, त्याने कातडी जळते. सांधा लाल होऊन सुजला आणि ताप आला, तर चोळत न बसता डॉक्टरकडे जावे. जंगलातून आल्यावर ताप आला, तर माकडतापाची शंका डॉक्टरांच्या कानावर घालावी.

भस्मे तर घरी करूच नयेत. 2004 साली अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला होता. घरचे तेल घरात वापरावे. विकायचे असेल तर औषध कायद्याप्रमाणे परवाना लागतो.

शेवटी पाल्याविषयी. आपल्या तालुक्याचा मोठा भाग 2007 साली जाहीर झालेल्या आणि 2015 पासून काळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याघ्र प्रकल्पात येतो. अभयारण्यातून परवानगीशिवाय पाला-साल आणणे गुन्हा आहे. चारही बाजूंनी साल सोललेले झाड तर वाळूनच जाते. यापेक्षा निगडीच्या काड्या पावसाच्या आरंभी बांधावर रोवाव्यात. त्या सहज जीव धरतात, गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपणही होते आणि औषधही. भिरंडीचे एक रोप परसात लावावे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जी झाडे ओळखता येतात, ती तिच्याकडून मुलांनी याच पावसाळ्यात शिकून घ्यावीत. नावे वहीत लिहावीत, कोंकणीत, मराठीत आणि कन्नडात. पुढच्या पिढीला नुसती बाटली मिळून भागणार नाही, ती कशी भरली हेही तिला कळायला हवे.