मुलांमधील सारकॉइडोसिस : आजाराची तीव्रता कशी ठरवतात?

सारकॉइडोसिस हा मुलांमध्ये क्वचितच आढळणारा आजार आहे. यात शरीराच्या संरक्षक पेशी एकत्र जमून निरनिराळ्या अवयवांत सूक्ष्म गाठी निर्माण करतात. क्षयरोगातही अशा गाठी होतात. म्हणून आपल्या देशात प्रथम क्षयरोगाची शक्यता तपासणे अगत्याचे ठरते. सारकॉइडोसिस मात्र एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे आम्ही आरंभीच नमूद करतो.

निदानानंतर पालक विचारतात, 'आजार किती गंभीर आहे?' याचे उत्तर एकाच तपासणीतून मिळत नाही. ब्रिटिश डॉक्टर स्कॅडिंग यांनी १९६१ साली छातीच्या एक्स-रेवरून टप्पे मांडले. आज ते ० ते ४ असे मोजतात. ० म्हणजे निर्दोष छाती, १ म्हणजे केवळ लसिकाग्रंथींची सूज, तर ४ म्हणजे फुप्फुसांत कायमचे व्रण. परंतु हे टप्पे केवळ फुप्फुसांचे चित्र सांगतात; मुलाला धाप किती लागते, हे सांगत नाहीत. त्यासाठी श्वसनक्षमतेची चाचणी करतात. सुमारे ५-६ वर्षांखालील मुलांना नळीत नीट फुंकता येत नाही, ही त्यातील अडचण होय.

पाच वर्षांखालील बालकांत तर आजाराचे रूपच वेगळे असते. त्यांच्यात बहुधा अंगावर पुरळ, सांध्यांची सूज आणि डोळ्यांचा दाह दिसतो. फुप्फुसे पुष्कळदा निरोगी राहतात. अशा काही बालकांत नॉड-२ या जनुकातील दोष कारणीभूत असतो.

म्हणून डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : किती अवयव बाधित आहेत, त्यांच्या कार्यात किती बिघाड झाला आहे आणि मुलाची वाढ खुंटली आहे काय. हृदय, मज्जासंस्था वा डोळे बाधित असतील, तर लक्षणे सौम्य असूनही आजार गंभीर मानला जातो. रक्त व लघवीतील कॅल्शियमही तपासतात, कारण ते वाढल्यास मूत्रपिंडांना इजा होते.

या मोजमापावरच उपचार अवलंबून असतात. सौम्य आजारात काही वेळा केवळ देखरेख पुरते; गंभीर आजारात स्टिरॉइड द्यावे लागते. ते दीर्घकाळ घेतल्यास उंची खुंटू शकते. त्यामुळे आजार कमी लेखणे जितके घातक, तितकेच तो अधिक लेखणेही.

पालकांना आमची विनंती आहे, की डोळा लाल नसला वा दुखत नसला तरी नेत्रतज्ज्ञांकडील नियमित तपासणी चुकवू नये. मुलांतील हा दाह पुष्कळदा मूकपणे दृष्टी हिरावतो. तसेच डॉक्टरांना विचारल्याविना कॅल्शियम वा ड जीवनसत्त्वाची औषधे देऊ नयेत आणि स्टिरॉइड एकाएकी थांबवू नये.