मॉडेलिंग दिवा आणि त्याचा बॅटरीवरील वापर

मॉडेलिंग दिवा हा स्टुडिओ फ्लॅशमध्ये बसवलेला, सतत जळणारा दिवा होय. प्रत्यक्ष छायाचित्र ज्या प्रकाशात निघते, तो फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता टिकतो. त्यातील छायाप्रकाशाचे बारकावे डोळ्यांना टिपता येत नाहीत. मॉडेलिंग दिवा फ्लॅशच्या नळीलगत असल्याने साधारण त्याच दिशेने प्रकाश टाकतो. नाकाची सावली गालावर कोठवर येते, चष्म्याच्या काचेत छत्रीचे प्रतिबिंब पडते का, हे त्यामुळे आधीच पाहता येते. स्टुडिओतील वीजजोडणीवर हा दिवा दिवसभर जळत ठेवला तरी कोणी त्याचा विचार करीत नाही. बॅटरीवर काम करताना मात्र संचातील सर्वांत खर्चिक घटक बहुधा तोच ठरतो.

रचना

स्टुडिओ फ्लॅशमध्ये झेनॉन वायूने भरलेली नळी आणि विद्युतभार साठवणारी धारित्रे, म्हणजेच कपॅसिटर, असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात या प्रकारचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश छायाचित्रणात रूढ केला. मॉडेलिंग दिवा हा या यंत्रणेहून स्वतंत्र असतो. जुन्या संचांत तो १५० किंवा २५० वॅटचा हॅलोजन दिवा असे. त्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर असतो, तर फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा. फ्लॅशच्या तुलनेत तो इतका मंद असतो की सर्वसाधारण छायाचित्रात त्याचा पिवळेपणा उमटत नाही.

ऊर्जेचा हिशेब

फ्लॅशची शक्ती वॅट-सेकंदात सांगतात. एक वॅट-सेकंद म्हणजे एक ज्यूल. ४०० ज्यूलचा फ्लॅश हा आकडा ऐकण्यास मोठा वाटतो आणि २५० वॅटचा दिवा त्यापुढे किरकोळ वाटतो. हा गैरसमज नवशिक्यांत सरसकट आढळतो. वस्तुतः धारित्रे भरतानाची गळती धरून अशा एका लखलखाटास ५०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, असे मानले, तर २५० वॅटचा दिवा तेवढी ऊर्जा अवघ्या दोन सेकंदांत संपवतो. तासाभरात पूर्ण शक्तीचे १२० फ्लॅश उडवले, तरी खर्च सुमारे १७ वॅट-तास होतो. तोच तासभर दिवा चालू राहिला, तर २५० वॅट-तास जातात, म्हणजे जवळजवळ पंधरापट.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात. हिशेबाने २५० वॅटचा दिवा तिच्यावर वीस मिनिटे चालावा. प्रत्यक्षात तो तितकाही चालत नाही. बॅटरीची क्षमता सामान्यतः वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने छापलेली असते. येथे मात्र तिच्यातून एकवीस अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढला जातो. प्रवाह जितका मोठा, तितकी हाती येणारी क्षमता कमी, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. शिवाय बॅटरीचा दाब उतरू लागला की फ्लॅश पुन्हा भरण्यास अधिक वेळ लागतो, आणि ऐन कामात छायाचित्रकार ताटकळतो.

इन्व्हर्टरवरील वापर

विजेवर चालणारा फ्लॅश बाहेर नेण्यासाठी बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचा एकत्रित संच वापरतात. तो शुद्ध साइन लहरीचा असणे इष्ट असते. चौरस लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर दिव्याचा उजेड कमीजास्त करणारे मंडल नीट चालेलच असे नाही. फ्लॅश भरताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. त्यातच दिव्याचा भार पडल्यास लहान इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. म्हणूनच अशा संचावर हॅलोजन दिवा बंद ठेवणे, किंवा सावल्या पाहण्यापुरते काही सेकंद लावणे, हीच रूढ पद्धत आहे. अमेरिकेत विकले जाणारे संच १२० व्होल्टचे असतात. भारतातील २३० व्होल्टच्या उपकरणांना ते चालत नाहीत.

एलईडी दिवे

एलईडीमुळे हे चित्र पालटले. तेवढ्याच उजेडासाठी एलईडीला हॅलोजनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी वीज पुरते. २०१३ मध्ये आलेल्या प्रोफोटो बी१ या बॅटरीयुक्त फ्लॅशमध्ये २० वॅटचा एलईडी दिवा होता. गोडॉक्स एडी६००प्रो या ६०० ज्यूलच्या फ्लॅशमध्ये तो ३८ वॅटचा आहे. त्याची बॅटरी सुमारे ७५ वॅट-तासांची असून ती पूर्ण शक्तीचे ३६० फ्लॅश देते, असे उत्पादक सांगतो. म्हणजे एका फ्लॅशला ७५० ज्यूल, आणि दिवा वीस सेकंद जळाला की एक फ्लॅश खर्ची पडला. हॅलोजनच्या मानाने हे पुष्कळच परवडणारे असले, तरी दिवा अखंड चालू ठेवल्यास दोन तासांच्या आत बॅटरी रिती होते. यासाठी ठरावीक वेळाने दिवा आपोआप विझवण्याची सोय अनेक फ्लॅशमध्ये असते.

केव्हा आवश्यक

भर उन्हात मॉडेलिंग दिव्याचा उजेड दिसतच नाही; तेथे तो लावणे निव्वळ अपव्यय होय. संध्याकाळी किंवा अंधाऱ्या दालनात मात्र त्याचे काम केवळ सावली दाखवण्याचे राहत नाही. कॅमेऱ्याला स्वयंचलित केंद्रीकरणासाठी काहीतरी उजेड लागतो. काळोखात माणसाची बुबुळे मोठी होतात आणि चित्रात डोळे काळेभोर, रंगहीन दिसतात; मंद दिव्यानेही हा दोष कमी होतो.

सुरक्षितता

इन्व्हर्टरमधून निघणारी २३० व्होल्टची वीज घरातील विजेइतकीच घातक असते; ओल्या गवतावर किंवा पावसात संच उघडा ठेवू नये. फ्लॅश बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार उरलेला असू शकतो, म्हणून तो घरी उघडू नये. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपुढे आणि १६० पर्यंतच्या बॅटरीस विमानकंपनीची अनुमती लागते.