पाय वाचविणारी वाट

चालता चालता पोटरीत गोळा यावा, घटकाभर उभे राहिले की तो ओसरावा आणि तितक्याच पावलांनंतर पुन्हा यावा, ही तक्रार आपल्याकडे बहुधा म्हातारपणाच्या खाती जमा होते. वस्तुतः पायाला शुद्ध रक्त पुरविणारी रोहिणी आतून अरुंद होत चालल्याची ती वर्दी असू शकते. आणि तिची दखल न घेतल्यास, विशेषतः मधुमेही अथवा तंबाखूच्या आहारी गेलेल्या इसमाच्या बोटाची क्षुल्लक जखमही भरून येत नाही, काळी पडते आणि मामला पाय कापण्यापर्यंत येऊन ठेपतो.

अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९६४ च्या जानेवारीत अशीच एक ८२ वर्षांची वृद्धा रुग्णालयात होती. बोटे कुजू लागली होती. पाय कापावा असे शल्यवैद्यांचे मत होते, आणि बाईंनी त्यास साफ नकार दिला होता. क्ष-किरणतज्ज्ञाने चित्र काढून द्यावे व बाजूस व्हावे, हा त्या काळचा दस्तुर मोडून चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी रोजी, सुईने पाडलेल्या छिद्रातून मांडीच्या रोहिणीत एक बारीक तार सरकविली, तारेवरून एक नळी आणि तिच्यावरून अधिक जाड नळी पुढे नेऊन तो चिंचोळा भाग रुंद केला. थंडगार पडलेले पाऊल थोड्याच वेळात ऊबदार झाले. सुमारे अडीच वर्षांनी बाई निवर्तल्या, तोवर त्या स्वतःच्या पायांनी चालत होत्या. एका वृद्धेच्या नकाराचे वैद्यकावर केवढे हे ऋण!

स्वदेशी डॉटर यांची उपेक्षाच झाली. युरोपने मात्र ही रीत उचलली, आणि १९७४ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाशी फुगा बसविला. आज जांघेपुरती भूल देतात, रुग्ण जागा असतो; फुगा फुगवून साचलेला थर भिंतीशी दाबला जातो आणि भिंत पुन्हा मिटू लागली तर तेथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. अर्थात हा इलाज कायमचा नव्हे: रोहिणी पुन्हा अरुंद होऊ शकते, लांबवर बुजलेली असल्यास कित्येकदा बायपासच श्रेयस्कर ठरतो, आणि नुसता गोळा येत असेल तर तंबाखू सोडणे, औषधे व नेमाने चालणे हाच पहिला उपाय होय.

आरंभीची तपासणी तर अगदी साधी आहे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला की अडथळ्याचा संशय घ्यावा; मधुमेहात भिंती कडक होऊन हा आकडा फसवू शकतो, तेव्हा सोनोग्राफीने प्रवाह पाहावा. म्हणून वाचकांस कळकळीची विनंती: घरातील कोणाचा पाय कापण्याच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, त्या पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या काय, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा.