जर्नलमधला ‘जी’ नक्की कोणाचा?

आधी एक कबुलीजबाब. बारावीच्या किंवा एफवायच्या फिजिक्स जर्नलमध्ये तुम्ही ‘जी’ची किंमत ९८० लिहिलीत, ती खरंच लंबक झुलवून काढली होती की मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली होती? लाजू नका. मीही उतरवलीय. आमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप एकच होता. त्याच्यावर कापडी खोळ असायची, आणि बटणांना हात लागायचा तो पुढे उभ्या असलेल्या दोघांचा. बाकीच्यांनी ती हिरवी रेष लांबून बघायची आणि खोपोली लोकल गाठायची. चुकून खरं रीडिंग घेतलं आणि ते भलतंच आलं, तर वरून ऐकायचं, ‘बघ जरा, ९८०च्या जवळपास आण!’

हे दुखणं फक्त कर्जत-खालापूरचं नाही. दिल्लीतल्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर या संशोधन संस्थेत २००४ मध्ये ‘फीनिक्स’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. हे नाव म्हणजे इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेली गंमत आहे, पण त्यात ‘होममेड इक्विपमेंट’ हे दोन शब्द मुद्दाम आहेत. डॉ. अजित कुमार बी. पी. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की कॉलेजांना परवडेल असं मोजमापाचं यंत्र बनवायचं आणि त्याचं डिझाइन कुलूपबंद ठेवायचं नाही. त्यातूनच पुढे ‘एक्सपाइज’ नावाची छोटीशी पेटी आली.

हातात मावेल एवढी ही पेटी. यूएसबी केबलने लॅपटॉपला लावायची, वीजही तिथूनच घेते. तिच्या ‘एक्सपाइज-१७’ या आवृत्तीत चार चॅनेलचा ऑसिलोस्कोप आहे, ५ हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत साइन वेव्ह देणारा जनरेटर आहे, कमी-जास्त करता येणारा व्होल्टेज सप्लाय आहे, कपॅसिटर मोजायची सोय आहे. सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलेलं. किंमत काही हजारांत, म्हणजे बऱ्यापैकी मोबाइलपेक्षा कमी.

पण मला स्वस्ताईपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्वस्त वस्तू बिघडली की आपण फेकतो. इथे सर्किटचा नकाशा, प्रोग्रॅम, प्रयोगांची पुस्तिका, सगळं उघडं आहे. बिघडलं तर उघडून बघा, सुधारा, हवं तर स्वतः बनवून विका. परवान्याची अट साधारण एवढीच, की मूळ कर्त्यांचं श्रेय द्यायचं आणि बदल करून पुढे दिलंत तर तो बदलही उघडा ठेवायचा. याच कामाच्या पायावर पुढे ‘पॉकेट सायन्स लॅब’ हे यंत्र उभं राहिलं. त्यात आपल्या शेजारच्या बेळगावातल्या एका फिजिक्सच्या शिक्षकांचा मोठा वाटा आहे. म्हणजे हे काम करायला आयआयटीच लागते असं नाही.

पेटी हाती आली की पहिला प्रयोग फुकटचा. एका इनपुटला वीतभर वायर लावा आणि तिचं दुसरं टोक मोकळं सोडा. कशालाही जोडू नका. प्लगच्या भोकात तर चुकूनही नाही, तिथे २३० व्होल्ट असतात आणि पेटी सोसते जेमतेम १६. नुसती मोकळी वायर ठेवली तरी पडद्यावर लाट हलायला लागते. मोजा : ५० हर्ट्झ. घरातल्या वायरिंगची ती कुजबुज आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपांतून पाचशे मीटरहून खाली खोपोलीत उतरवून १९१५ मध्ये टाटांनी वीज बनवली, मग १९२२ मध्ये भिवपुरीत. शंभर वर्षं आपण त्या पाइपांखालून जाये करतोय, पण वीज ‘दिसते’ ती अशी. आणि पावसाळ्यात लाइट गेले, की लॅपटॉपच्या बॅटरीवर तीच लाट चपटी झालेली बघा.

आता किटचं. इथे जरा सावध करतो, कारण ‘स्टार्टअप करू’ म्हणणारे मित्र मलाही आहेत. मुख्य बोर्ड घरी बनवायच्या भानगडीत सुरुवातीलाच पडू नका. त्यावरची चिप इतकी बारीक आहे, की साध्या सोल्डरिंग गनने दोन पाय एकत्र चिकटतील आणि तुमचे पैसे जातील. बोर्ड तयार घ्या. आपल्या भागात बनवता येईल ते त्याच्याभोवतीचं सामान. प्रयोगाला हजारो वेढ्यांची कॉइल लागते. शेतपंपाच्या मोटारी भरून देणारा वाइंडिंगवाला ती कॉइल तुमच्यापेक्षा सफाईने गुंडाळून देईल. लाकडी स्टँड सुताराकडून, पोलादी गोळी बेअरिंगच्या छऱ्यांतून. राहिलेलं सामान दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोडवर मिळतं. घाट चढून पुणे जिल्ह्यात पाबळला गेलात, तर डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. अमेरिकेबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथे उभी राहिली. वस्तू बनवत शिकणं म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघून या.

किट विकताना खरी मेहनत डिझाइनमध्ये जात नाही. ती जाते प्रत्येक नग तपासण्यात, सुट्या भागांवर चिठ्ठ्या लावण्यात, आणि ‘दादा, चालत नाही’ असा फोन आल्यावर न चिडता ‘ड्रायव्हर टाकलास का?’ विचारण्यात. किंमत लावताना हे तास धरा. नुसती सामानाची बेरीज करून दर लावलात, तर दहाव्या किटनंतर दुकान बंद. आणि पुस्तिका मराठीत लिहा. वाडीवरच्या आश्रमशाळेतल्या पोरांना आधी इंग्रजीची परीक्षा आणि मग फिजिक्सची, असं कशाला?

पहिलं किट कशाचं करावं? मी म्हणेन, त्याच ‘जी’चं. विद्युतचुंबकाला गोळी लटकवा, ३० सेंटिमीटर खाली पत्र्याचा स्पर्शपट्टा ठेवा. कॉम्प्युटरने प्रवाह तोडला की गोळी सुटते, पट्ट्यावर आपटते आणि मधला वेळ पडद्यावर येतो. तो हवा सुमारे ०.२४७ सेकंद. तुमचा येईल थोडा जास्त, कारण प्रवाह गेला तरी लोखंडात चुंबकत्व किंचित रेंगाळतं आणि गोळी उशिरा सुटते. हा उशीर सेकंदाच्या फक्त शंभराव्या भागाचा असला, तरी ९.८चे थेट ९.१ होतात!

घाबरू नका, हीच मजा आहे. उंची ६० सेंटिमीटर करा आणि परत मोजा. उशीर दोन्ही वेळा तेवढाच असतो, त्यामुळे दोन वेळांची वजाबाकी केली की तो उडून जातो. उरलेल्या फरकातून ‘जी’ काढा. नाही जमलं तर जर्नलमध्ये सरळ ९.१ लिहा, खाली कारण लिहा आणि वही सहीला द्या. मला त्या वेळी एवढं धाडस झालं नव्हतं.